कॅमेरा सुरू करण्याआधी : पहिल्या शॉर्टफिल्मविषयी वाचकांचे प्रश्न

पहिली शॉर्टफिल्म करू पाहणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन अशा चारही खात्यांतल्या मंडळींनी ती मिळून लिहिली आहेत. निम्म्याहून जास्त प्रश्न कॅमेऱ्याबद्दलचे आहेत. पण पहिली फिल्म कॅमेऱ्यापाशी क्वचितच अडते. ती अडते एडिटिंगला बसल्यावर, जेव्हा हवा तो शॉट घेतलेलाच नाही किंवा संवाद नीट ऐकूच येत नाही असं लक्षात येतं. म्हणून बहुतेक उत्तरांत आम्ही एडिटिंगपासून उलटे मागे आलो आहोत.

प्रश्न : माझी पटकथा २२ पानांची आहे. सात पात्रं, एक पावसातला प्रसंग आणि एक फ्लॅशबॅक. दोन दिवसांत शूट होईल का?

नाही. ठरलेल्या मांडणीत टाइप केलेल्या पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. नवखं युनिट दिवसभरात दोन ते तीन पानं नीट शूट करू शकतं. म्हणजे तुमच्या पटकथेला आठ-दहा दिवस लागतील, आणि फुकट काम करणारे मित्र आठव्या दिवशी येत नाहीत.

पावसाचा प्रसंग तर पहिल्या फिल्ममध्ये नकोच. दर टेकनंतर केस आणि कपडे पुन्हा कोरडे करावे लागतात, त्यासाठी एकाच कपड्याचे दोन-तीन जोड लागतात, पाण्याच्या आवाजात संवाद बुडतो. शिवाय मागून प्रकाश असल्याशिवाय पाऊस कॅमेऱ्यात धड दिसतही नाही.

तीन ते पाच मिनिटं, दोन पात्रं, एक जागा, एवढं पुरे. तुमच्या २२ पानांतच ती फिल्म लपलेली असेल. ज्या पानावर कुणीतरी मागे घेता न येणारी गोष्ट बोलतं किंवा करतं, ते पान शोधा आणि तेवढंच शूट करा. आधीचं सगळं प्रेक्षकाला त्या पानावरून कळेल असं लिहिता येतं का ते बघा. बहुतेक वेळा येतं.

हाताने लिहिलेल्या पानांना मिनिटाचा हिशोब लागू पडत नाही. स्टॉपवॉच लावून पटकथा मोठ्याने वाचा. ‘तो दार उघडतो, पाणी पितो’ अशा ओळी वाचून पुढे जाऊ नका, त्या खरोखर करून बघा. येईल त्या वेळेत पाव वेळ मिळवा.

आणखी एक तपासणी करा. पानावर दिसेल किंवा ऐकू येईल असंच असलं पाहिजे. ‘त्याला आईची आठवण येते’ हे शूट करता येत नाही. ‘तो आईचा नंबर काढतो, लावत नाही, फोन पालथा ठेवतो’ हे येतं.

प्रश्न : माझ्याकडे बऱ्यापैकी चांगला फोन आहे. मित्र म्हणतात मोठा कॅमेरा भाड्याने घे. फोनवर करायचं ठरवलं तर सेटिंग काय ठेवू?

फोनवरच करा आणि भाड्याचे पैसे माइककडे वळवा. मोठ्या कॅमेऱ्यावर हलत्या पात्राचा फोकस धरणं हे एका माणसाचं पूर्ण वेळेचं, सरावाचं काम आहे. तो माणूस नसेल तर निम्मे टेक मऊ, म्हणजे धूसर, येतात, आणि छोट्या स्क्रीनवर ते त्या वेळी कळतही नाही.

फोनवर सगळं हाताने ठरवता येईल असं कॅमेरा अॅप घ्या. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, २४ ठेवा. शटर १/५०, म्हणजे प्रत्येक चित्राला १/५० सेकंद प्रकाश. याची दोन कारणं आहेत. शटरचा आकडा फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट असला की हालचाल डोळ्याला सहज वाटते, हे एक. दुसरं विजेचं. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० नसेल तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात, आणि एकदा शूट झालेले पट्टे घालवणं फार कठीण. ६० हर्ट्झच्या प्रदेशात हाच हिशोब १/६० आणि १/१२० असा होतो.

व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असलेली रंगाची सेटिंग) लॉक करा : दिवसाच्या उजेडात ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बखाली ३२००. तो ऑटोवर राहिला तर लाल शर्टातला माणूस समोरून गेला की भिंतीचा रंग शॉटच्या मधोमध बदलतो. एक्स्पोजर (चित्र किती उजळ ते) आणि फोकसही लॉक. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारा) व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर एडिटिंगमध्ये रंग विचित्र, फिके दिसतात आणि कारण सापडत नाही. फोन ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझेशनही बंद. मागची मुख्य लेन्स वापरा, बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. अतिवाइड लेन्स जवळून लावली तर नाक मोठं आणि कान मागे जातात.

भर उन्हात १/५० शटर ठेवलं की चित्र पांढरंफटक होतं, कारण बहुतेक फोनचं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, बदलत नाही. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची गडद काच, लागतो. लख्ख उन्हाला साधारण एनडी ६४ पुरतो. तो नसेल तर सावलीत शूट करा.

जागेचा हिशोबही आधीच करा. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने एक मिनिट म्हणजे सुमारे ३७५ एमबी. पाच मिनिटांच्या फिल्मसाठी दहापट चित्रण धरलं तर ५० मिनिटं, म्हणजे जवळपास १९ जीबी. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, दर सेटअपआधी (कॅमेऱ्याची एक मांडणी म्हणजे एक सेटअप) लेन्स पुसा, आणि टेकच्या मधल्या वेळेत तो उन्हात ठेवू नका. तापलेला फोन रेकॉर्डिंग आपोआप बंद करतो.

प्रश्न : माझा प्रसंग असा : वडील टेबलाशी बसून जुनं घड्याळ दुरुस्त करताहेत. मुलगा दारातून येतो, थोडं इकडचं-तिकडचं बोलून नोकरी सोडल्याचं सांगतो. संवाद दीड पानाचा आहे. किती शॉट घेऊ आणि कोणत्या क्रमाने?

सहा सेटअप पुरतात. पण कॅमेरा कुठे लावायचा याआधी एक ठरवा : मुलाचं ते वाक्य प्रेक्षकाने कुणाकडे बघत ऐकायचं? आमच्या मते वाक्य मुलावर सुरू व्हावं आणि वडिलांच्या थांबलेल्या हातावर संपावं. हे एकदा ठरलं की शॉटची यादी आपोआप तयार होते.

पहिला सेटअप मास्टर. दार, टेबल आणि दोघं फ्रेममध्ये, प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत न तोडता. याचे दोन चांगले टेक झाले की पुढे जा. मास्टरचं खरं काम हे की कोण कोणत्या शब्दावर काय करतं ते इथे पक्कं होतं. वडिलांनी ‘बस की’ म्हणताना स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला असेल, तर पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये त्याच शब्दावर ठेवला पाहिजे. कुणीतरी एकाने हे वहीत लिहायचं आणि दर सेटअपच्या शेवटी टेबलाचा फोटो काढायचा.

दुसरा, मुलाच्या खांद्यावरून वडिलांचा मिडशॉट, म्हणजे साधारण कमरेपासून वर. तिसरा, वडिलांचा क्लोजअप. मग कॅमेरा आणि प्रकाश फिरवून चौथा आणि पाचवा हेच दोन शॉट मुलाचे, त्याच अंतरावरून आणि त्याच लेन्सने. सहावा, हातांचा इन्सर्ट, म्हणजे फक्त हात दाखवणारा जवळचा शॉट. वडिलांकडचं सगळं संपवल्याशिवाय मुलाकडे वळू नका, नाहीतर दिवे चारदा हलवावे लागतील.

दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेष आखा आणि सहाही शॉट तिच्या एकाच बाजूने घ्या. एका बाजूने वडील कायम उजवीकडे बघतात, मुलगा कायम डावीकडे, म्हणून कट झाल्यावरही ते एकमेकांकडे बघताहेत असं वाटतं. रेष ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघू लागतात. वडील बसलेले आणि मुलगा उभा आहे, तेव्हा नजरांची उंचीही सांभाळायला हवी. क्लोजअप घेताना समोरच्या नटाला घरी पाठवू नका. त्याला खरोखर तिथे, कॅमेऱ्याला खेटून उभा करा आणि संवाद त्यालाच म्हणायला लावा.

मिड आणि क्लोज यांच्या आकारात ठसठशीत फरक ठेवा. थोडासाच फरक असेल तर कट चुकल्यासारखा, उडी मारल्यासारखा दिसतो.

वडिलांच्या क्लोजअपला त्यांची वाक्यं संपल्यावर लगेच ‘कट’ म्हणू नका. मुलगा बोलत असताना त्यांचं ऐकणं पूर्ण शूट करा, आणि शेवटी वीस सेकंद तसाच कॅमेरा चालू ठेवा. एडिटिंगमध्ये सोन्यासारखं निघतं ते हे ऐकणं. संवादातलं एखादं वाक्य कापायचं असेल तर त्या जागी जायला याच्याइतका चांगला शॉट नाही. इन्सर्टमध्येही हात आधी तीन-चार सेकंद काम करू दे, मग थांबू दे, आणि थांबल्यावर पाच सेकंद राहू दे. नुसता थांबलेला हात घेतला तर ‘थांबला’ हे दिसणारच नाही.

आता घड्याळ. ते चालू ठेवू नका. टिकटिक दर टेकमध्ये वेगळ्या जागी पडते, आणि दोन टेक जोडले की कटवर ठोका चुकतो. तो कान लगेच पकडतो. काटेही पुढे सरकत राहतात. म्हणून घड्याळ बंद ठेवा, काटे एका वेळेवर लावा, आणि टिकटिक जवळून वेगळी रेकॉर्ड करून नंतर घाला. मग हात थांबतो तेव्हा तीही थांबवायची की चालू ठेवायची, हा निर्णय तुमच्या हातात राहतो.

प्रश्न : मी चाचणी म्हणून एक प्रसंग शूट केला. चित्र छान आहे, पण आवाज घुमतो आणि पंख्याची घरघर येते. सॉफ्टवेअरने दुरुस्त होईल का?

घरघर थोडी कमी होईल, कारण ती एकसारखी असते. घुमणं जवळजवळ जात नाही. आणि दोन्ही जास्त ओढून काढायला गेलात तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. ती चाचणी सोडून द्या आणि पुढच्या वेळी जागेवरच निस्तरा. थोडं अंधारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. न कळलेलं वाक्य त्याला गोष्टीबाहेर फेकतं.

पहिली गोष्ट अंतर. मोकळ्या जागेत माइक तोंडापासून दुप्पट लांब नेला की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेला माइक, कितीही चांगला असला तरी, दोन मीटरवरून खोलीच जास्त ऐकतो. बूम (लांब काठीला लावलेला माइक) असेल तर तो वरून, फ्रेमच्या अगदी काठाबाहेर, तोंडापासून ४० ते ६० सेंटिमीटरवर, छातीकडे तोंड करून धरा. बूम नसेल तर कॉलर माइक छातीच्या हाडावर, हनुवटीखाली साधारण एक वीत. तो दुसऱ्या फोनला किंवा छोट्या रेकॉर्डरला जोडून नटाच्या खिशात ठेवता येतो. तो फोनही एअरप्लेन मोडवरच.

कपड्याची खसखस हा कॉलर माइकचा मोठा त्रास. सुती कपडा शांत असतो, रेशीम आणि नायलॉन बोलतात. माइकच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीच्या उलट्या घड्या घालून तो कपड्याला आणि अंगाला पक्का चिकटवा, म्हणजे कपडा त्यावर घासणार नाही. वायरला खाली एक सैल वळण देऊन तिथेही पट्टी लावा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ऑटो लेव्हल बंद. ती चालू असली की नट गप्प झाल्याबरोबर यंत्र आवाज वाढवतं आणि खोलीची सूं वर येते. रिहर्सलमध्ये नटाला खऱ्या जोराने बोलायला लावा आणि सर्वांत मोठा शब्द मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी पातळी ठेवा (शून्यापलीकडे आवाज फाटतो). ओरडण्याचं वाक्य असेल तर त्याच्यासाठी ती वेगळी खाली आणा. फाटलेला आवाज कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही.

आता खोली. पंखा, फ्रिज, एसी बंद. फ्रिज बंद करताना घराची किंवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकणार नाही. ही युक्ती युनिटवाले वर्षानुवर्षं वापरतात. उघड्या फरशीवर, फ्रेमबाहेर, गोधड्या-सतरंज्या पसरा. नट ज्या भिंतीकडे तोंड करून बोलतो, म्हणजे कॅमेऱ्यामागची भिंत, तिच्यावर जाड रजई टांगा. आवाज आधी तिथे जाऊन आपटतो. मोकळ्या हॉलपेक्षा पडदे, गाद्या, कपाटं असलेली खोली निवडली तर यातलं निम्मं काम वाचतं.

दर टेकला कॅमेऱ्यासमोर एकदा स्वच्छ टाळी वाजवा, तळवे फ्रेममध्ये दिसतील अशी. वेगळा आवाज आणि चित्र त्या टाळीवर जुळवायचं. प्रसंग संपल्यावर सगळे जागच्या जागी असताना एक मिनिट पूर्ण शांतता रेकॉर्ड करा. हा रूम टोन. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधला ‘कट’ किंवा खोकला काढला की तिथे भोक पडतं. ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. आणि एखाद्या टेकमध्ये वाक्यावरून गाडी गेली असेल, तर तिथेच, लगेच, कॅमेरा बंद करून नटाकडून ते वाक्य माइकजवळ दोन-तीनदा म्हणवून घ्या. नंतर डबिंगला ना तो सूर सापडतो, ना ती खोली.

हे सगळं हेडफोन लावून ऐकणारा एक माणूस हवा, आणि त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका. ‘वन मोर’ म्हणण्याचा त्याचा हक्क दिग्दर्शकाइतकाच आहे.

प्रश्न : दिवे नाहीत. घरात कसं शूट करू?

खिडकी हा मोठा, मऊ आणि फुकटचा दिवा आहे. नटाला खिडकीच्या बाजूला, तिला कोनात बसवा, पाठ करून नको. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी पडत असेल तर त्या बाजूला, फ्रेमबाहेर, थर्मोकोलचा पांढरा पत्रा एक मीटरवर धरा आणि जवळ-लांब करून बघा. खिडकीपासून अंतर वाढलं की प्रकाश झपाट्याने पडतो, तेव्हा नटाने एक पाऊल मागे घेतलं तरी एक्स्पोजर बदलतं. जमिनीवर खुणेची पट्टी चिकटवा.

घरातले पिवळे दिवे दिवसा बंद ठेवा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा प्रकाश एकाच चेहऱ्यावर आला की कोणताही व्हाइट बॅलन्स दोघांना एकदम बरोबर करत नाही. रात्रीचा प्रसंग असेल तर उलट करा : खिडक्या झाका आणि फ्रेममध्येच एक टेबललॅम्प ठेवा. चेहऱ्यावरचा प्रकाश त्याच दिशेने आला पाहिजे. अगदी स्वस्त एलईडीखाली त्वचा हिरवट दिसते, म्हणून आधी चाचणी घ्या.

सूर्य सरकत राहतो. दीड पानाच्या प्रसंगाला चार तास लागणार असतील, तर थेट ऊन येणारी खिडकी घेऊ नका. सकाळी टेबलावर पडलेला उन्हाचा तुकडा दुपारी भिंतीवर गेलेला असेल.

प्रश्न : नट म्हणजे माझे मित्रच. कॅमेरा सुरू झाला की पाठ केल्यासारखं बोलतात.

कारण ते खरोखर पाठ केलेलं बोलतात. शूटच्या आधी किमान दोनदा, शक्यतो त्याच जागी रिहर्सल घ्या आणि पहिल्या रिहर्सलमध्ये त्यांना स्वतःच्या शब्दांत प्रसंग करू द्या. जे वाक्य प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडून वेगळं येतं, ते तुमच्या लेखणीचं आहे, त्यांच्या बोलण्याचं नाही. बदला.

सेटवर ‘जरा दुःखी हो’ असं सांगू नका. करता येईल असं काम द्या : ‘त्याने वर बघू नये म्हणून तू बोलत राहा’, ‘हा स्क्रू बसेपर्यंत उत्तर देऊ नकोस.’ हाताला काम असलं की तोंडातला ताण जातो. वाक्य स्वतः म्हणून दाखवणं तर टाळाच, मग ते तुमची नक्कल करतात. आणि पहिल्या फिल्ममध्ये स्वतः भूमिका करू नका. फ्रेममध्ये असलेल्या माणसाला फ्रेम दिसत नाही.

प्रश्न : घर एकाच दिवसासाठी मिळालंय. वेळ कसा वाटू?

एका सेटअपला अर्धा ते पाऊण तास धरा. यात कॅमेरा हलवणं, प्रकाश, आवाजाची चाचणी, रिहर्सल आणि तीन-चार टेक आले. दहा तासांच्या दिवसात जेवणाचा आणि आवराआवरीचा वेळ वजा केला तर दहा-बारा सेटअप होतात. यादीत अठरा असतील तर सहा आदल्या रात्रीच गाळा. सेटवर संध्याकाळी घाईने गाळलेला शॉट हमखास महत्त्वाचा निघतो. यादीत प्रत्येक शॉटपुढे ‘हवाच’ किंवा ‘जमला तर’ असं लिहून ठेवा आणि ‘हवाच’वाले जेवणाआधी संपवा. दिवसाचा पहिला शॉट मात्र सोपा, बिनसंवादाचा ठेवा, म्हणजे युनिटचा हात बसतो.

पाच माणसं पुरतात : दिग्दर्शक, कॅमेरा, ध्वनी, घड्याळ आणि यादी सांभाळणारा सहायक, आणि कंटिन्युइटी, म्हणजे कुठल्या शब्दावर कोण काय करतं ते, वहीत लिहिणारा. सहायकाने ‘वीस मिनिटं राहिली’ हे मोठ्याने सांगायचं असतं. त्याचं ऐका. घरमालकाची परवानगी, तारीख आणि वेळेसह, लेखी घ्या. नटांकडूनही चित्रण वापरण्याची लेखी संमती शूटच्या आधीच घ्या.

घरी जाण्यापूर्वी सगळं फुटेज दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा आणि काही क्लिप चालवून बघा. तोवर कार्ड किंवा फोनमधलं काहीही पुसायचं नाही.

प्रश्न : टाळीवर आवाज जुळवला, पण क्लिपच्या शेवटी ओठ आणि शब्द सुटतात. असं का?

फोन बहुतेकदा बदलत्या फ्रेम रेटने शूट करतात. २४ म्हटलं तरी कधी २३.८, कधी २४.१. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र ठाम २४ धरून चालतं आणि फरक साचत जातो. उपाय सोपा आहे : एडिटिंगच्या आधी सगळ्या क्लिप हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून, उंच दर्जात पुन्हा काढा. मूळ फाइली जपून ठेवा. सरकण तरीही किंचित उरली तर ती दोन यंत्रांच्या घड्याळांमधली असते. लांब टेक दोन-तीन ठिकाणी तोडून पुन्हा जुळवा.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शॉर्टफिल्मला भरपूर पुरते. फक्त प्रोजेक्टचा फ्रेम रेट क्लिप आत घेण्याआधी ठरवा, नंतर तो बदलता येत नाही. संगणक अडखळत असेल तर प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, बनवा.

प्रश्न : पाच पानांची फिल्म जोडली तर आठ मिनिटं झाली आणि कंटाळवाणी वाटते. काय कापू?

पहिली जोडणी लांबच होते. प्रत्येक प्रसंगाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य काढून बघा. दारातून येणं, खुर्ची ओढणं, ‘बोल’, ‘काही नाही’ हे बहुतेक जाऊ शकतं. मग आवाज बंद करून पूर्ण फिल्म बघा. कोण काय ठरवतंय हे त्याही अवस्थेत साधारण कळलं पाहिजे. मग चित्र बंद करून नुसतं ऐका. जिथे कान भरकटतो तिथे संवाद जास्त आहे.

बोलणाऱ्यावरच कट मारत राहू नका. वाक्य संपण्याआधी ऐकणाऱ्यावर जा, किंवा पुढच्या माणसाचा आवाज आधी सुरू करा आणि चित्र नंतर बदला. नवख्या एडिटला सर्वांत लवकर सुधारणारी ही एकच सवय आहे.

या टप्प्यावर संगीत टाकू नका, ते सैल जागा झाकून टाकतं. पटकथा न वाचलेल्या तिघांना दाखवा आणि ‘कशी वाटली?’ असं न विचारता ‘काय झालं ते सांगा’ म्हणा. तिघांपैकी दोघांनी गोष्ट चुकीची सांगितली तर कटमध्ये काहीतरी गाळलंय. चित्राचं एडिट पक्कं झाल्यावरच ध्वनी आणि रंग हाती घ्या. नाहीतर प्रत्येक नवा कट आवाजाच्या दहा पट्ट्या हलवायला लावतो. मिक्सिंग हेडफोनवर करा, पण शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका.

प्रश्न : गाजलेल्या गाण्याचे तीस सेकंद वापरले तर चालतात म्हणे?

चालत नाहीत. अमुक सेकंद मोकळे, असा सर्वसाधारण नियम नाही. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा, आणि फिल्मसाठी दोन्हींची परवानगी लागते. गाणं स्वतः गाऊन घेतलं तरी रचनेचा हक्क उरतोच.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला खुलं ठेवलेलं, संगीत घेताना परवान्याची अक्षरं वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नाही, तेव्हा जाहिराती लावलेल्या चॅनेलवर टाकायची असेल तर ते नको. ‘एनडी’ (रूपांतर नाही) असलेलं मुळीच घेऊ नका. चित्राबरोबर संगीत जुळवणं हे त्या परवान्यात रूपांतर धरलं जातं आणि रूपांतरित काम प्रसिद्ध करायला तिथे मनाई आहे. ओळखीतल्या वादकाकडून एक मिनिटाचा तुकडा बनवून, लेखी परवानगीसह घेणं हा सर्वांत चांगला मार्ग.

प्रश्न : महोत्सवांना पाठवायची आहे. लांबी, सबटायटल, फाइल यांचं काय?

ऑस्करच्या नियमांत शॉर्टफिल्म म्हणजे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत, कानच्या शॉर्ट स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंत. पण निवड करणाऱ्यांना दीड-दोन तासांच्या एका खेळात बऱ्याच फिल्म बसवायच्या असतात, त्यामुळे छोट्या फिल्मला जागा मिळणं सोपं जातं. श्रेयनामावली वीस-तीस सेकंदांत संपवा. काही महोत्सव आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून नियम वाचेपर्यंत ती पासवर्ड असलेल्या लिंकवरच ठेवा.

सबटायटल जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद. भाषांतर शब्दाला शब्द करू नका, वाचायला वेळ मिळेल इतकंच ठेवा. देवनागरी नामावलीसाठी युनिकोड फॉन्टच वापरा, आणि एक्स्पोर्ट झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक नाव पुन्हा वाचा. जोडाक्षरं आणि रफार काही सॉफ्टवेअरमध्ये एडिट करताना नीट दिसतात आणि एक्स्पोर्टला फुटतात.

बघायला पाठवण्यासाठी १०८०पी (फुल एचडी), एच.२६४ (व्हिडिओ दाबून छोटा करण्याची नेहमीची पद्धत), सेकंदाला १५ ते २० मेगाबिट ही फाइल पुरते. निवड झाली तर थिएटरसाठी बहुधा डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरसाठीचा फाइलींचा संच, मागतात. ते डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत प्रोग्रॅमने घरी बनवता येतं, आणि २४ फ्रेमने शूट केलेलं असेल तर वेग बदलावा लागत नाही. शक्य असेल तर ते आधी एकदा खऱ्या पडद्यावर चालवून बघा : आवाज मध्यभागातून येतो का, सबटायटल कडेला कापले जातात का, आणि अंधाऱ्या प्रसंगात वडिलांचा हात दिसतो का.